भीमथडीचे तट्टू आणि घोड्यांच्या पोथ्या

वाचकहो, 'भीमथडीचे तट्टू' हे शब्द आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. २०२३ साली राजा बढे यांचे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. त्यात या तट्टांचा उल्लेख आहे आणि पोरे तो मोठ्या आवाजात म्हणतात. त्यांतल्या एखाद्याला जवळ बोलावून विचारा, 'बाळा, हे तट्टू तू पाहिले आहेस का?' तो नाही म्हणेल. खरे तर त्याने ते शंभरदा पाहिलेले असते. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे रस्त्याला लागतात. मेंढरांच्या मागोमाग, पाठीवर अख्खे बिऱ्हाड लादलेले, वर कोकरे आणि कोंबड्या बांधलेले जे ठेंगणे घोडे खाली मान घालून चालतात, तेच हे. गीतातले तट्टू आणि रस्त्यावरचे तट्टू एकच, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही.

भीमथडी म्हणजे भीमेची थड, भीमेचा काठ. आपला माढा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये पडतो, म्हणजे हे जनावर आपल्या घरचेच. खांद्याशी उंची सव्वाचार फुटांच्या आसपास, खूर घट्ट, पोट थोडक्यात भागणारे. मराठ्यांच्या फौजा दौडल्या त्या याच दख्खनी घोड्यांवर. ज्याच्या दारी स्वतःचा घोडा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आपल्या आडनावांतून अजून जिवंत आहे. माढ्यात रावरंभा निंबाळकरांचा किल्ला उभा आहे, पण घोडा आता लग्नाच्या वरातीपुरता. पुढे रेल्वे आली, मोटार आली, आता तर धनगरांच्या वाड्यातही टेम्पो आला. पशुगणनेचे आकडे पाहा: देशात २०१२ साली सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती, २०१९ साली ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी!

अशा वेळी एक चांगली गोष्ट झाली. बारामतीकडच्या शौकीन मंडळींनी संघटना करून या घोड्यांचा पाठपुरावा केला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३-२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या ओळीत आपले तट्टू जाऊन बसले. मला आनंद झाला, नाही असे नाही. पण त्याबरोबर एक काळजीही लागली, ती तुमच्यापुढे मांडतो.

आमच्याकडे घोड्याचे शौकीन पुष्कळ झाले आहेत. माझा पुतण्या त्यांतलाच. अकलूजचा घोडेबाजार दिवाळीच्या सुमारास भरतो, तिथे ही मंडळी चार-चार दिवस मुक्काम ठोकतात. पौषाच्या आधी सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा, तिकडेही जातात. त्यांचे ज्ञान अचाट आहे. चार पाय आणि तोंड पांढरे तो पंचकल्याणी. गळ्यावर भोवरा असला तर देवमण, भाग्याचा. एकच पाय पांढरा असला की नाक मुरडायचे. रंग तर असे सांगतील की साडीच्या दुकानदाराने हात टेकावेत: अबलख, कुमैत, मुश्की, नुकरा. मी एकदा विचारले, 'अरे, भोवऱ्याने घोडा ओझे जास्त वाहतो का?' त्यावर सगळे हसले. माझ्या मते भोवऱ्याचा उपयोग एकच, भाव पाडायला किंवा चढवायला.

बरे, हे शास्त्र आजचे नाही. घोड्यावरच्या आपल्या जुन्या ग्रंथांचा मूळ पुरुष म्हणून शालिहोत्र ऋषींचे नाव घेतात. त्यांच्याच नावावरून घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. बहमनी अमदानीत या शास्त्राचे दख्खनमध्ये फारसी भाषांतरही झाले. त्याआधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. हे कल्याणी आपल्या सोलापूरहून फार लांब नाही. त्या ग्रंथात घोड्यांची लक्षणे आहेत, त्यांना फिरवण्याचे प्रकार आहेत, घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचे वर्णनही आहे. पण हे सारे राजाच्या घोड्याचे. ज्याच्या पाठीवर तवा, हंडा, वाकळ आणि तान्ही कोकरे जायची, त्याला शिकवायचे कसे, हे कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ते ज्ञान धनगरांच्या हातात आणि तोंडात राहिले, त्यातही बायकांच्या, कारण वाड्यात घोडी सांभाळतात त्याच.

आमच्या रानात दर साल मेंढ्या बसतात. त्या वाड्यातली एक म्हातारी आहे, तिच्याकडून मी जे ऐकले ते सांगतो. मी पहिल्यांदा विचारले, 'आजी, शिंगराला शिकवायला कवा घेता?' ती म्हणाली, "मालक, त्येला काय शिकवायचं? त्येनं आईसंगं चालायचं." म्हणजे असे, की जन्मल्यापासून शिंगरू आईच्या कुशीला धरून चालते. कुत्री भुंकतात, मोडनिंबजवळ पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, आई बुजत नाही म्हणून तेही बुजत नाही. सहा महिन्यांचे झाले की मोहरकी. दीड वर्षाचे झाले की पाठीवर नुसते रिकामे गोणपाट टाकायचे. आता यातली खुबी ऐका. गोणपाट टाकले की शिंगरू थरथरते, फुरफुरते. आपण काय करू? दया येऊन काढून घेऊ. म्हातारी म्हणते, तसे केले की ते थरथरायला शिकते. हात मानेवर ठेवून उगी थांबायचे. ज्या क्षणी ते अंग सैल सोडून उभे राहील, त्याच क्षणी गोणपाट काढायचे. चार दिवसांत त्याला कळते की उगे राहिले की ओझे उतरते. मग वाकळ, मग दोन्ही अंगांना सारखे वजन, आणि शेवटी कोकरे. कोकरू वजनाला हलके, पण कानाशी ओरडते आणि वळवळते. कोकरे वाहील तो घोडा काहीही वाहील.

आता गंमत पाहा. झेनोफन नावाच्या ग्रीक सरदाराने तेवीसशे वर्षांपूर्वी घोडा शिकवण्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले, जगातल्या जुन्यांत जुन्या पुस्तकांपैकी ते आहे. त्यात त्याने सांगितले आहे की भूक, तहान आणि माशांचा जाच हा शिंगराला एकटेपणी व्हावा. दाणा-पाणी आणि सुटका माणसाच्या हातून व्हावी. गर्दीतून, गोंगाटातून त्याला हिंडवावे. रागाने काहीही करू नये. आमच्या म्हातारीने ग्रीसचे नावही ऐकलेले नाही, अक्षरओळखही नाही तिला. पण दोघांचे म्हणणे जुळते, कारण दोघांनी घोड्याकडेच पाहिले, भोवऱ्याकडे नाही.

असा मनाने शिकलेला घोडा कसा असतो हे तुम्हाआम्हाला दर आषाढात दिसते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला येतात आणि माऊलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालतात. सदाशिवनगरला, खुडूसला गोल रिंगण लागते. एका अश्वावर जरीपटक्याचा स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कोणी नाही. टाळमृदंगाचा कल्लोळ, हजारो माणसे दाटीने उभी, आणि तो मोकळा अश्व त्या चिंचोळ्या वाटेने चौखूर धावतो. लगाम खेचायलाही कोणी नसते.

याच्या उलट वरातीतला नाच. घोडा नाचावा म्हणून तोंडात खिळ्यांचा लगाम घालतात, जबडा रक्ताळतो, फेसाबरोबर लाली येते आणि आपण पैसे ओवाळतो. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी असा टोकदार लगाम वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे घालू नये असेही आहे. किती जणांना ठाऊक आहे?

आता माझ्या काळजीकडे येतो. माझ्या दारी एक भीमथडी घोडी आहे, त्याच वाड्यातून घेतलेली. पुतण्याचे म्हणणे, तिला उंच मारवाडी घोडा दाखवावा. शिंगरू उंच होईल, बाजारात दुप्पट पैसे येतील. हिशेब त्याचा चुकीचा नाही. उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या घरात दुप्पट पैशाला नाही म्हणणे सोपे नसते, आणि घरची मंडळीही त्याच्याच बाजूची आहेत. उजनीचे पाणी १९८० नंतर रानात आले, ऊस आला, गायरान गेले. धनगराला चराई नाही, पोरे पुण्याला कामाला गेली. उरलेल्या घोड्यांना उंच घोडे दाखवत गेलो, तर कर्नालच्या कागदावर भीमथडी राहील आणि रस्त्यावर तिसरेच काही चालेल. वर ते जनावर वाढवायची रीतही म्हातारीबरोबर जाईल. तिला विचारून विचारून मी एका वहीत लिहून घेतो आहे. पंचवीस-तीस पाने झाली. भोवऱ्याचे एकही पान नाही.

शेवटी पुतण्याशी एक बोली केली आहे. वाडा मृगाच्या आधी कोकणाकडून परत येतो. त्यात एक मिशाळ, शांत, कोकरे वाहिलेला घोडा आहे. या खेपेला घोडी त्याला दाखवायची. शिंगरू अकरा महिन्यांनी येईल, ते तीन वर्षांचे होईपर्यंत पाठीवर माणूस बसवायचा नाही आणि शिकवणी वहीप्रमाणे द्यायची. पुढच्या खेपेला पुतण्याने म्हणेल तसे. तो तयार झाला, पण शिंगराच्या गळ्यावर देवमण निघाला तर भाव तो ठरवणार!

तुमच्या गावात कोणा म्हाताऱ्या-म्हातारीला घोड्याच्या चालींची जुनी नावे, बुजऱ्या जनावराची काही रीत ठाऊक असेल, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. वहीत पाने शिल्लक आहेत.