वाढवलेली खोली
मेहकरला वडिलांनी कष्टाने बांधलेल्या घरामागे आम्ही उभयतांनी एक खोली काढली. ठेकेदार परवडेना, मिस्त्री रोजाने लावला, रेती-सिमेंट आम्हीच आणले. घराचा विमा होताच, म्हणून निर्धास्त! रोहिणीच्या वादळात नवी भिंत पडली, पत्रे उडाले. मग कुठे पॉलिसी वाचली. एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’त चटई क्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढवले, तर जादा हप्ता भरून नोंद करावी लागते, नाहीतर वाढीव बांधकामाची भरपाई नाही. आमचे घर ५०० चौरस फूट, खोली १२० ची! आई म्हणाली, “मजूर तर वाचले ना?” त्यांचा विमा वेगळा काढायचा असतो, हे तेव्हा कळले. आता भिंत पुन्हा चढते आहे. अर्ज मात्र आधी दिला.