घरच्या सायकलीचा ब्रेक

एखाद्या घरांत नवी सायकल येते तेव्हां तिच्यासवें घंटा येते, कुलूप येतें, मागें डबा अडकविण्यास कॅरियर येतें, आणि घरांत हौशी बालक असल्यास हँडलाच्या टोकांस रंगीत गोंडेही लटकूं लागतात. शेजारीपाजारी या सर्वांची किंमत विचारितात. ब्रेकसंबंधीं मात्र कोणी चकार शब्द काढीत नाहीं. आमची उभी हयात मावळांतील एका शाळेंत गेली. शाळेच्या पडवीलगत दररोज साठ-सत्तर सायकली उभ्या राहात, आणि मधल्या सुटींत त्यांमधून फेरी मारण्याची आम्हांस संवय होती. ज्या सायकलींचे मडगार्ड आरशासारखे लखलखत, त्यांच्याही ब्रेकचीं रबरें झिजून सुपारीच्या खांडाएवढीं उरलेलीं आम्हीं पुष्कळदां पाहिलीं.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. तेथील पेठांत ब्रेक लागला नाहीं तर पाय टेकून भागत असे. मावळाची गोष्ट निराळी. नाणें मावळ, आंदर मावळ, पवन मावळ या खोऱ्यांतून विद्यार्थी, दूधवाले आणि कारखान्यांत जाणारे लोक कामशेत, मळवली, वडगांव या स्टेशनांकडे सायकलीनें येतात व तेथून लोकल पकडतात. द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जाव आहे, त्यामुळें जुन्या हमरस्त्यानें ट्रकांच्या शेजारून जाणें प्राप्त होतें. कामशेतच्या घाटाचा उतार, अगर लोहगडवाडीहून गायमुख खिंडींतून मळवलीकडे येणारा रस्ता ज्यानें पाहिला असेल, त्यास पाय टेकण्याचा उपाय तेथें किती कामाचा हें सांगावयास नको.

उताराचें भय आमच्या भागांत रेल्वेइतकें नीट कोणी ओळखलें नसेल. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. त्याचा चढ कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतका आहे. खंडाळ्याजवळ त्या काळीं गाडीची दिशा उलटविण्याचें एक स्टेशन होतें. तेथें रूळ कड्याच्या टोकाशीं संपत. १८६९ च्या जानेवारींत खालीं उतरणारी मेलगाडी तेथें आवरली गेली नाहीं, आणि रुळांचें टोक ओलांडून ती खालीं कोसळली. पुढें १९२९ मध्यें नवा मार्ग झाला व तें स्टेशन गेलें. पण घाटाची शिस्त गेली नाहीं. घाटांत ठिकठिकाणीं मुख्य मार्गास फुटून वर चढत जाणारे आडरूळ ठेवलेले आहेत. सांधा एरवीं त्यांच्याकडेच वळविलेला असतो. उतरणारी गाडी आधीं थांबली पाहिजे, म्हणजे ती ताब्यांत आहे असें ठरतें, आणि मगच तिला सरळ वाट मिळते. मंकी हिल, ठाकूरवाडी येथें गाडी कां थांबते म्हणून कुरकुरणारे प्रवासी आम्हीं जन्मभर पाहिले. ब्रेक उतारावर तपासावयाचा नसतो, उतार लागण्यापूर्वीं तपासावयाचा असतो, एवढाच त्या थांबण्याचा अर्थ.

सायकलीचा हिशोब याहून वेगळा नाहीं. ताशीं छत्तीस किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास दहा मीटर. हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढें अंतर सरतें. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. त्यांत आमच्याकडचा पाऊस! लोणावळ्याच्या पावसांत रिम ओली झाली म्हणजे रबर तिच्यावरून नुसतें घसरतें; चाकाचे कांहीं फेरे पाणी पुसण्यांतच जातात, आणि धर प्रथम सांपडत नाहीं, मग एकदम सांपडते. म्हणून पावसांत उतार लागण्याआधींपासूनच दोन्ही ब्रेक हलके दाबीत जावें. पुढल्या ब्रेकला भिणारे लोक पुष्कळ आहेत. थांबतांना भार पुढें झुकतो, तेव्हां थांबविण्याचें खरें सामर्थ्य पुढल्याच चाकांत असतें. तो हिसक्यानें दाबूं नये, इतकेंच. केवळ मागला दाबला तर चाक फरफटतें.

कठोपनिषदांत शरीरास रथ, बुद्धीस सारथि आणि मनास लगाम म्हटलें आहे. त्या काळच्या रथास घोडा होता, आणि घोडा उतारावर आपण होऊन जपून पाऊल टाकतो. लोखंडाच्या घोड्यास ती अक्कल नाहीं.

आमचा एक विद्यार्थी होता. घर मोठें, सायकल एक. सकाळीं काका तिच्यावरून डेअरीवर दूध घालीत, मग मुलगा शाळेस येई, संध्याकाळीं वडील बाजारास नेत. ब्रेकची वायर मुठीजवळ एकेक तार करून तुटत आली होती. तीन दिवस ती तशी होती, आणि तें तिघांसही ठाऊक होतें. काकांस वाटलें दादा बदलून घेतील. दादांस वाटलें पोरगा दुकानावरून जातोच. पोरास वाटलें हें मोठ्यांचें काम. श्रावणांतल्या एका सकाळीं कामशेतच्या उतारावर उरलेल्या तारा तुटल्या आणि पुढें ट्रक उभा होता. मुलगा वांचला. त्याचा उजवा पाय मात्र आंखूड झाला. परीक्षेंत तो पहिल्या पांचांत असे. त्याला सैन्यांत जावयाचें होतें. आज तो एका पतपेढींत हिशोबनीस आहे, आणि वाटेंत भेटला म्हणजे काठी डाव्या हातांत घेऊन नमस्कार करितो.

त्या घरांत कोणी दुष्ट नव्हतें कीं निष्काळजी नव्हतें. दादांनीं पुढें वर्षभर सायकलीस हात लावला नाहीं. पण एकत्र कुटुंबांतील सायकल ही सामायिक विहिरीच्या रहाटासारखी असते: पाणी सर्व ओढतात, दोर कोणी पाहात नाहीं. रेल्वेंत ब्रेकची तपासणी कोणाकडे हें ठरलेलें असतें. घरांत तसें ठरवीत नाहींत. दुकानदार पाहील म्हणावें, तर तो पंक्चर काढावयास आणलेल्या सायकलीचें पंक्चरच काढतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. खंडेनवमीस आम्ही सायकल धुऊन झेंडूची माळ घालतों, हें योग्यच आहे. पण तोंवर चार महिन्यांच्या पावसानें वायर गंजून गेलेली असते. पूजा मृगाच्या आधीं असती तर बरें झालें असतें.

तपासणीस वेळ तो किती? पुढला ब्रेक दाबून सायकल पुढें ढकलावी. चाक फिरूं नये. मग मागल्याचें तसेंच करावें. मूठ हँडलाला टेकूं नये. वायर मुठीजवळ व टोकाशीं निरखावी. एक तार जरी उसवलेली दिसली तरी ती बदलावी. रबरांवरच्या खांचा पुसल्या गेल्या असतील तर नवीं घालावींत, आणि त्यांत रुतलेली खडी टांचणीनें काढावी, कारण ती रिम कापते. लोणावळ्याच्या अर्धा किलो चिक्कीच्या पैशांत हें सारें होतें.

आमच्या घरीं हें काम धाकट्या सूनबाईंकडे आहे. दर शनिवारीं संध्याकाळीं दिवेलागणीपूर्वीं त्या दोन्ही सायकली तपासतात, आणि किल्ल्या देवघराच्या खुंटीवर असतात. गेल्या आषाढांत एका सायकलीची वायर त्यांस संशयास्पद वाटली, तेव्हां तिची किल्ली त्यांनीं आपल्यापाशींच ठेविली. सोमवारीं सकाळीं आमचे थोरले चिरंजीव, जे स्वतः इंजिनियर आहेत, त्यांनीं ती मागितली. "दादा, वायर आल्याशिवाय मिळावयाची नाहीं," असें त्यांस स्वयंपाकघरांतूनच उत्तर मिळालें. चिरंजीवांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं वर्तमानपत्र वर धरिलें. ते छत्री घेऊन चालत स्टेशनावर गेले, आणि त्यांची लोकल चुकली.