निळा ‘ई’

मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर ६ जन्मला ऑगस्ट २००१ मध्ये. दोन महिन्यांनी विंडोज एक्सपी बाजारात आली आणि तिच्यासोबत तो घरांत, सायबर कॅफेत, सरकारी कचेऱ्यांत जाऊन बसला. डेस्कटॉपवरचा निळा ‘ई’ म्हणजेच इंटरनेट, असं आपल्याकडे कित्येकांना वाटे.

घराणं कर्तबगार होतं. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून नवी माहिती मागवण्याची सोय १९९९ मध्ये त्याच्या थोरल्या भावाने, पाचव्या आवृत्तीने आणली. पुढे जीमेल आणि ऑनलाइन नकाशे उभे राहिले ते याच कल्पनेवर. हे श्रेय त्या घराण्याला द्यायलाच हवं.

स्वभाव मात्र हट्टी. कोडच्या अगदी सुरुवातीला डॉक्टाइप, म्हणजे पान कोणत्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी ओळ, नीट लिहिला असेल, तर चौकटीची रुंदी प्रमाण नियमाने मोजी. नसेल, तर जुना हिशोब धरून कडा आणि आतली मोकळी जागा त्याच रुंदीत कोंबी. डावीकडे सरकवलेल्या चौकटीला त्याच बाजूने १० पिक्सेलचं मार्जिन दिलं, तर हा २० सोडी. मग शेजारचा रकाना न मावता खाली घसरे. पारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी ठोकळा दाखवी. त्याची मर्जी राखायला वेबसाइट करणाऱ्यांनी फक्त त्याच्याच घराण्याला कळणाऱ्या खास कंडिशनल कॉमेंट्स लिहिल्या, रात्री जागवल्या.

मराठी वाचकाशी त्याचं नातं गुंतागुंतीचं. युनिकोड रुळण्याआधी भारतीय भाषांतली अनेक वर्तमानपत्रं वेबवर आपापल्या फॉन्टमध्ये निघत. पानाबरोबर फॉन्टही उतरवून घेण्याची ईओटी ही मायक्रोसॉफ्टची पद्धत फक्त त्याच्याच घराण्याला येई. त्याच्यात बातमी स्वच्छ मराठीत उमटे. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. वेबवर मराठी दाखवली त्यानेच, आणि दुसऱ्या ब्राउझरच्या वाचकाला ती नाकारली गेली तीही त्याच्यामुळेच.

तो असा झाला, कारण समोर कुणी उरलं नव्हतं. प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केप हरल्यावर पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. या पाच वर्षांत साइट्स प्रमाण नियमांऐवजी त्याच्या खोडींवर बेतल्या गेल्या. दक्षिण कोरियात तर ऑनलाइन बँकिंगच त्याच्याच घराण्यात चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्हएक्स या तंत्रावर उभं राहिलं. इतर ब्राउझर वापरणाऱ्यांना दारच बंद. २०१० मध्ये यूट्यूबने त्याची साथ सोडली. २०११ मध्ये, त्याला वापरणं थांबवा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनेच जगाला सांगितलं. १५ जून २०२२ रोजी घराण्यातली शेवटची, अकरावी आवृत्तीही निवृत्त झाली.

दोष त्याचा कमी, एकट्या त्याच्यावर विसंबलेल्यांचा जास्त. आज क्रोम, एज, ऑपेरा हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर चालतात, आणि ‘ही साइट क्रोममध्येच उघडा’ अशा सूचना पुन्हा दिसू लागल्या आहेत. वेबसाइट करणाऱ्यांना म्हणूनच कळकळीची विनंती: कोड प्रमाण नियमांनी लिहा आणि साइट खुली करण्याआधी ती फायरफॉक्स आणि सफारीतही उघडून बघा. कुणाचं वीजबिल, कुणाचा दाखला, कुणाचा प्रवेशअर्ज केवळ ब्राउझर वेगळा म्हणून अडता कामा नये.