न दुखणारे दुखणे
इंदूरच्या आम्हा जुन्या मराठी घरांत मधुमेहाची चर्चा जिलेबीपासून साखरेच्या आकड्यापर्यंतच जाते. वास्तविक वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बोथट होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हृदयाचे तंतूही असेच मुके झाले, तर झटका छातीत कळ न उठवताही येऊ शकतो. धाप, घाम, मळमळ एवढेच. घरात त्याला पित्त ठरवून सोडा दिला जातो. तहसिलीतून तक्रार नाही म्हणजे तेथे सुबत्ता, असे मानणारे अधिकारी आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले! परवा डॉक्टरांनी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आमच्या तळव्यांना टेकवला. मिटल्या डोळ्यांनी आम्ही ‘लागला’ म्हणत होतो. उजव्या अंगठ्याखाली काहीच लागले नाही. छातीत आमच्या कधीच दुखलेले नाही. उद्या हृदयाची तपासणी आहे.