चौकटीबाहेरचा हात

मनुष्य कॅमेरा हातीं कां घेतो, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारला जातो. कोणी म्हणतो सौंदर्याची ओढ, कोणी म्हणतो निव्वळ हौस. दोन्ही कारणें खरीं असतील. परंतु त्यांच्या तळाशीं आणखी एक कारण असतें असें आम्हांस वाटतें, आणि तें सांगण्यासाठीं वाचकांस आमच्या नेसरीस न्यावें लागेल.

गडहिंग्लज तालुक्यांतील हें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें प्रतापराव गुजरांमुळें. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं ते अवघ्या सहा स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामास आले. त्यांच्या स्मारकापाशीं लहानपणीं आम्ही वडिलांबरोबर जात असूं. एकदां आम्हीं विचारलें, "दादा, हे सात जण दिसत कसे होते?" वडील म्हणाले, "तें आतां कोण सांगणार? फोटोची विद्या जगास कळली १८३९ सालीं." त्या उत्तरांतील हळहळ आम्हांस तेव्हां कळली नाहीं. ती कळली घरींच.

आमच्या आजीची ठाम समजूत होती कीं, फोटो काढल्यानें आयुष्य उणें होतें. थोरल्या बंधूंच्या मुंजींत वडिलांनीं मोठ्या मिनतवारीनें एका फोटोपुरती तिची परवानगी मिळविली आणि तालुक्याहून फोटोग्राफर आला. आम्ही चौघे भावंडें अंगणांत बसलों. धाकटा स्टुलावर ठरेना, म्हणून आई स्वयंपाकघरांतून धांवत आली व त्याच्या बाजूस उकिडवी बसून तिनें त्याच्या पाठीशीं हात धरला. फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, तुम्हीही बसा ना." आईनें हळदीचे डाग पडलेल्या लुगड्याकडे पाहिलें. इतक्यांत आंतून हांक आली. "पुढच्या खेपेस," एवढें म्हणून ती फोटो होतांच उठून गेली.

पुढची खेप आली नाहीं. दोन वर्षांत आई विषमज्वरानें गेली. त्या फोटोंत चार मुलें आहेत आणि डाव्या कडेस मनगटापर्यंत एक हात, त्यांत चार बांगड्या. तिचा आवाज आम्हांस आठवतो, तिच्या पदराला येणारा धुराचा वास आठवतो. चेहरा मात्र दरवर्षीं पुसट होत जातो. थोरली बहीण म्हणते, तिच्या हनुवटीवर गोंदण होतें. आम्हांस तें कपाळावर आठवतें. निवाडा करणारें आतां कोणी उरलें नाहीं.

नोकरी लागल्यावर आम्हीं पहिल्या वर्षींच्या पगारांतून अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका फिल्मवर बारा चित्रें निघत. लोकांस ती हौस वाटली. पहिलें चित्र काढावयास आम्ही आजीला तुळशीपाशीं बसविलें. ती हंसून म्हणाली, "घे काढून. आतां उणें व्हायला आयुष्य उरलंय कुठं?" मग बराच वेळ ती गप्प राहिली. आम्ही कॅमेरा गुंडाळीत असतां हळूच म्हणाली, "त्या दिवशीं तुझ्या आईला हांक मीच मारली होती रे. पानं वाढायचीं खोळंबलीं होतीं."

त्यानंतर तिनें फोटोस कधीं नकार दिला नाहीं.

थोरांच्या चरित्रांतही हाच धागा दिसतो. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्रा येथें छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्याचें रोप दिवसेंदिवस टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. डोळ्यांदेखत घडत असून डोळ्यांस न दिसणारें त्यांनीं पकडलें. आमच्या कोल्हापुरांत बाबूराव पेंटर व त्यांचे बंधू आनंदराव स्वतःच चलच्चित्रांचा कॅमेरा घडवूं पाहत होते. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं तें अपुरें यंत्र पुरें केलें, आणि १९२० सालीं त्यांचा 'सैरंध्री' चित्रपट आला. तेथेंही निसटलेलें कांहीं तरी राखण्याची धडपड होती, असें आम्हांस वाटतें. प्रकाश, भिंग, रसायन यांचें ज्ञान पुस्तकांतून मिळतें. पण तें शिकण्याची निकड बहुधा असल्या एखाद्या उणिवेंतून येते.

आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें कॅमेरा आहे. गेल्या दिवाळींत आमच्या नातीनें फराळाच्या पंगतीचे चाळीसएक फोटो काढून आम्हांस दाखविले. आम्हीं ते दोनदां पाहिले. त्यांत सर्वजण होते. वाढणारी तिची आई तेवढी कोठें नव्हती.

"स्वयंपाकघरांत जा," आम्हीं नातीस म्हटलें, "आणि आईचा एक फोटो काढ."

आंतून सूनबाईंचा आवाज आला, "अगं, असल्या अवतारांत नको! मग काढ."

आम्हीं हातांतलें ताट खालीं ठेवलें आणि म्हणालों, "मग नाहीं. आतांच."