मुळावाचून प्रतिमा

सेगाच्या १९८६ मधील ‘आउटरन’ या खेळात समुद्रकाठाने धावते ती उघड्या टपाची तांबडी फेरारी टेस्टारोसा. कारखान्याने ही गाडी बंद टपाचीच विकली. अधिकृत उघडी गाडी घडली ती एकच, फियाटचे प्रमुख जान्नी आन्येल्ली यांच्यासाठी, आणि तीही रुपेरी. खेळणाऱ्यांच्या स्मरणात रुजलेली तांबडी प्रतिमा अशी मुळावाचूनच जन्मली. तरीही हक्क मुळाचाच ठरला. २००३ मधील ‘आउटरन २’ला फेरारीचा परवाना लाभला, जुन्या खेळाच्या निन्टेन्डो स्विचवरील आवृत्तीत मात्र, परवान्याअभावी, गाडीचे रूप पालटले. बालपणीच्या खेळाकडे परतणाऱ्या प्रौढाच्या हाती पडतो तो हा पाठभेद. त्याच्या मनातील पहिल्या पाठाचे जतन कोणी करावयाचे? संहिताचिकित्सेने हा प्रश्न आपला मानावयास हवा.