आगाखान पॅलेसमधली खादी

पुण्यात नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस पाहायला गेलात, तर कस्तुरबांच्या समाधीवरूनच परत फिरू नका. आतल्या दालनांत गांधीजींच्या वापरातले कपडे, चपला, भांडी आहेत. ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातली काही दृश्ये इथेच चित्रित झाली. त्याची वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथैया आणि जॉन मोलो यांची. शिवणक्लासच्या मुलींनी तर हे जरूर पाहावे. जरीत चूक झाकते, साध्या सुती कापडात टाका न् टाका दिसतो. ‘आम्रपाली’चे नखरेल पोशाख करणाऱ्या भानूबाईंना १९८३ साली ऑस्कर मिळाले ते या साधेपणावर. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. इथे ते नीट जपले जाईल असा भरवसा वाटेना, म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ते अमेरिकेतल्या अकादमीकडे परत सोपवले. आपल्या मुलींनी ते पाहायचे कुठे?